केक, ठराव आणि अनुमोदन

जून १९४५. युरोपातलं युद्ध संपून महिना उलटला होता, जपान अजून शरण यायचा होता आणि अमेरिकेतल्या विमानांच्या कारखान्यांत बायका डोक्याला रुमाल बांधून रिव्हेट ठोकत होत्या. नेमक्या त्याच महिन्यात शिकागोला शाळकरी मुलींची एक देशव्यापी संघटना जन्माला आली. नाव होतं 'फ्यूचर होममेकर्स ऑफ अमेरिका'. अमेरिकेच्या भावी गृहिणी! योगायोग असेलही, पण मुहूर्त काढणाऱ्याला दाद द्यायला हवी. सैनिक परतणार, कारखान्यातल्या जागा त्यांना लागणार, मग या रुमालवाल्या बायकांनी जायचं कुठे, असा प्रश्न कुणी विचारायच्या आत पुढच्या पिढीची सोय लागलेली होती.

मुलग्यांची सोय आधीच झाली होती. त्यांच्यासाठी १९२८ पासून 'फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका' होती. निळी कॉर्डरॉयची जॅकेटं, बैलांची परीक्षा, मक्याची कणसं. त्या संघटनेत मुलींना १९६९ पर्यंत प्रवेश नव्हता. तेव्हा भावी शेतकरी एका खोलीत, भावी गृहिणी दुसऱ्या खोलीत, आणि मधल्या व्हरांड्यात दोघांनी एकमेकांकडे बघून लाजायचं, अशी एकूण राष्ट्रीय मांडणी होती. दोन्ही संघटनांमागे सरकारी पैसा होता. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेती, कारागिरी आणि गृहशास्त्र हे तीन विषय शाळांत शिकवायला केंद्राने निधी द्यायचं ठरवलं होतं. गृहिणींची ही नवी संघटना उभी करण्यात पुढाकार होता एडना अॅमिडन यांचा. त्या वॉशिंग्टनला केंद्रीय शिक्षण कार्यालयात गृहशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या. म्हणजे मुलींनी घर सांभाळायला शिकावं, ही व्यवस्था लावणाऱ्या बाई रोज सकाळी घराला कुलूप लावून सरकारी कचेरीत जात होत्या. पुढची पन्नास वर्षं या चळवळीत हाच विनोद पुन्हा पुन्हा घडत राहिला. तो मुद्दाम करायचा म्हटला असता तर इतका जमला नसता.

संघटनेचे रंग लाल आणि पांढरा, फूल लाल गुलाब. स्वतःचं गीत, स्वतःची प्रतिज्ञा, 'टीन टाइम्स' नावाचं स्वतःचं मासिक. कार्यक्रमही ठरलेले. आई-मुलीचा चहा. बाप-लेकीचं जेवण. स्वतः शिवलेले फ्रॉक घालून स्टेजवरून चालून दाखवायचा सोहळा. वर्षाच्या सुरुवातीला पदग्रहण, त्यात मेणबत्त्या. एवढं वाचून कुणालाही वाटेल की हे आपल्याकडच्या हळदीकुंकवाचं अमेरिकन भावंड आहे, फक्त वाणाऐवजी कपकेक.

पण त्या मेणबत्त्या विझल्यावर बैठक कशी चालायची ते बघण्यासारखं आहे. टेबलाच्या मधल्या खुर्चीवर अध्यक्षा, वय सोळा, हातात लाकडी हातोडी. तिच्या उजवीकडे सचिव. ती मागच्या सभेचं इतिवृत्त वाचते आणि 'दुरुस्ती आहे का' असं विचारते. मग खजिनदार उठून जमाखर्च सांगते : डोनट विकून इतके आले, पाहुण्यांच्या सरबतात इतके गेले, शिल्लक इतकी. मग कुणीतरी ठराव मांडते की यंदाच्या चहाला लिंबाचा केक असावा. दुसरी अनुमोदन देते. तिसरी उपसूचना आणते की लिंबाऐवजी चॉकलेट. आता अध्यक्षेने आधी उपसूचना मताला टाकायची की मूळ ठराव, यावर कोपऱ्यात बसलेल्या बाई फक्त भुवई उंचावतात, तोंड उघडत नाहीत. मुलींनी हेन्री रॉबर्टचे सभानियम उघडायचे. हा रॉबर्ट लष्करातला इंजिनियर होता. एका चर्चमधल्या सभेचं अध्यक्षपद त्याच्या गळ्यात पडलं, सभेत गोंधळ माजला, आणि त्याने तो अपमान मनावर घेऊन १८७६ मध्ये सभाशास्त्राचं पुस्तकच काढलं. त्या पुस्तकाच्या आधारे चॉकलेट केक बहुमताने मंजूर व्हायचा.

केक अर्ध्या तासात संपायचा. सभाशास्त्र जन्मभर पुरायचं. गावच्या शाखेतून जिल्ह्याला, जिल्ह्यातून राज्याला, राज्यातून राष्ट्रीय अधिवेशनाला अशी शिडी होती. आयोवातल्या किंवा टेक्ससमधल्या ज्या मुलीने काउंटीची हद्दसुद्धा ओलांडली नव्हती, ती निवडणूक लढवून, भाषण पाठ करून, बॅग भरून रेल्वेत बसायची, हॉटेलात उतरायची आणि शेकडो अनोळखी मुलींसमोर माईकवर बोलायची. कशासाठी? तर घरात बसण्याचं महत्त्व सांगण्यासाठी. बापाने मुलीला वादविवाद मंडळात पाठवायला दहा वेळा विचार केला असता. गृहिणी होण्यासाठी पाठवायला कुणाची ना नव्हती.

संघटना काढतानाच एक घर दोन चुलींत वाटलेलं होतं, हेही सांगायला हवं. दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या, म्हणून भावी गृहिणीही वेगळ्या. काळ्या मुलींसाठी त्याच वर्षी नॅशव्हिलला 'न्यू होममेकर्स ऑफ अमेरिका' निघाली. तेच सभानियम, तेच टाके, तोच केक, फक्त एकत्र बसून खायचा नाही. केकमधलं पीठ पांढरं आणि चॉकलेट काळं एकाच भांड्यात चालत होतं हे कुणाच्या ध्यानात आलं नसावं. दोन्ही संघटना १९६५ मध्ये एक झाल्या.

आता या सगळ्याची आजी. एलेन स्वॉलो नावाची मॅसॅच्युसेट्समधली मुलगी १८७० मध्ये बोस्टनच्या 'एमआयटी'त रसायनशास्त्र शिकायला गेली. त्या संस्थेत तोवर एकही बाई शिकलेली नव्हती. तिला 'विशेष विद्यार्थिनी' म्हणून घेतलं आणि फी माफ केली. तिला वाटलं, आपली गरिबी बघून ही सवलत दिली. खरं कारण नंतर कळलं : उद्या कुणी बोंब मारली तर अध्यक्षांना सांगता यावं की छे, ही आमची विद्यार्थिनीच नव्हे, फीच भरलेली नाही! बाई मात्र खमकी. प्रयोगशाळेत ती सुई-दोरा, टाचण्या, कात्री जवळ बाळगायची. प्राध्यापकांचं तुटलेलं बटण लावून दे, कापलेल्या बोटाला चिंधी बांध, टेबल पुसून ठेव, असं सगळं करायची. म्हणजे शिकल्याने मुलगी बिघडते असं म्हणायला कुणाला जागा राहू नये. सुईच्या टोकावरून ती १८७३ मध्ये पदवीपर्यंत पोचली. खाणकामाच्या प्राध्यापकाशी, रॉबर्ट रिचर्ड्सशी, लग्न केलं आणि मधुचंद्राला गेली तीही नवऱ्याच्या विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर, नोव्हा स्कोशियाच्या खाणी बघायला, आखूड स्कर्ट आणि जाडजूड बूट घालून. पुढे तिने मॅसॅच्युसेट्सच्या नद्या-विहिरींचे हजारो नमुने तपासून पाण्याच्या शुद्धतेचा नकाशा केला.

अशा बाईला कुणी रसायनशास्त्राची प्राध्यापकी देणार नव्हतं. मग तिने रसायनशास्त्रच स्वयंपाकघरात नेलं. पाव का फुगतो, दूध का नासतं, मोरीचा वास कुठून येतो, हे जर शास्त्र असेल तर ते शिकवायला शास्त्र शिकलेली बाई लागणार. आणि मुलींना शिकवायचं म्हटल्यावर त्या खुर्चीवर पुरुष येऊन बसणार नाही. युक्तिवाद बिनतोड होता. १८९९ मध्ये लेक प्लॅसिडला मेल्विल ड्युई आणि त्याची बायको अॅनी यांच्याकडे अकरा जण जमले आणि या विषयाची पहिली परिषद झाली. ग्रंथालयांतल्या पुस्तकांच्या पाठीवर आकडे चिकटवणारा तोच हा ड्युई. त्याच्या पद्धतीत ६४० हा आकडा घरसंसाराचा. आजही कुठल्याही वाचनालयात ६४१ च्या कपाटापाशी गेलात तर लोणच्याचा वास येईल. दहा वर्षांनी, १९०९ मध्ये, 'अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशन' स्थापन झाली आणि रिचर्ड्सबाई पहिल्या अध्यक्ष झाल्या. विद्यापीठांनी बायकांसाठी पुढचं दार उघडलं नाही. या बाया स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरल्या आणि शिरल्या त्या विभागप्रमुख होऊनच बसल्या. कॉर्नेल विद्यापीठात पूर्ण प्राध्यापकपद मिळालेल्या पहिल्या दोन बायका, मार्था व्हॅन रेन्सलर आणि फ्लोरा रोझ, या १९११ सालच्या गृहशास्त्राच्याच.

कॉर्नेलचं नाव निघालंच आहे तर तिथल्या बाळांची गोष्ट टाळून चालणार नाही. शास्त्र म्हटलं की प्रयोगशाळा आली, आणि संगोपनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काय लागतं? मूल. तेव्हा १९२० च्या सुमारास कॉर्नेलने अनाथालयातून एक तान्हं बाळ उसनं आणलं. 'डोमेस्टिक इकॉनॉमी'चा संक्षेप करून आडनाव दिलं डोमेकॉन. डिकी डोमेकॉन! विद्यार्थिनी आळीपाळीने एका सरावाच्या घरात राहायच्या. एकीकडे स्वयंपाक, एकीकडे झाडलोट, एकीकडे हिशेब, आणि एकीकडे डिकी. पाळी बदलली की आई बदलायची. दूध ठरल्या वेळी, आंघोळ ठरल्या वेळी, वजन रोज तक्त्यावर. आपल्याकडच्या आज्या हे बघत्या तर म्हणाल्या असत्या, अगं रडतंय तर घे ना कडेवर, घड्याळ काय बघतेस! पण शास्त्रापुढे आजीचं चालत नव्हतं. वर्षभराने बाळ दत्तक दिलं जायचं आणि अशा बाळांना मागणीही भरपूर असायची, कारण पदवीच्या अभ्यासक्रमानुसार वाढलेलं मूल दुसरीकडे मिळायचं कुठे? हा प्रकार एकट्या कॉर्नेलपुरता नव्हता आणि कॉर्नेलमध्ये तर तो १९६९ पर्यंत चालला. तोवर बालमानसशास्त्राला शोध लागला होता की मुलाला एकच आई असलेली बरी.

खरी बाळं बंद झाल्यावर शाळांनी अंडी आणली. मुलामुलींना एकेक अंडं द्यायचं, आठवडाभर जपायचं, फुटलं तर नापास. अंडी फार फुटायला लागली तेव्हा पिठाची पिशवी आली. पाच पौंडी पिशवीला टोपडं घालून तेरा-चौदा वर्षांची पोरं वर्गावर्गातून हिंडायची. १९९० च्या दशकात नोकरी गेलेल्या रिक जरमेन नावाच्या एका विमानउद्योगातल्या इंजिनियरने इलेक्ट्रॉनिक बाहुली बनवली. ती रात्री-अपरात्री भोकाड पसरते, मान नीट धरली नाही तर नोंद करते आणि सकाळी बाईंना सगळं सांगते. हेतू असा की शनिवार-रविवार ही बाहुली घरी नेल्यावर मुलीला कळावं, लवकर आई होण्यात काही मजा नाही. ऑस्ट्रेलियात या बाहुलीची रीतसर चाचणी झाली आणि २०१६ मध्ये 'लॅन्सेट'ने निष्कर्ष छापले. ज्या शाळांत बाहुली दिली होती, तिथल्या मुलींत वीस वर्षांच्या आत गर्भ राहण्याचं प्रमाण १७ टक्के. जिथे दिली नव्हती तिथे ११. बाहुली बहुतेक फार गोड असावी. कंपनीने उत्तर दिलं की संशोधकांनी आमचा अभ्यासक्रम जसाच्या तसा वापरलाच नव्हता. पाककृतीच्या पुस्तकाच्या लेखिका वाचकांच्या पत्रांना हेच उत्तर देत आल्या आहेत : प्रमाण चुकलं असेल.

आदर्श गृहिणीचा विषय निघाला की अमेरिकेत एकच नाव पुढे यायचं, बेटी क्रॉकर. रेडिओवर बोलायची, पत्रांना उत्तरं द्यायची, कुकरी बुकं काढायची. १९४५ मध्ये 'फॉर्च्युन' मासिकाने तिला अमेरिकेतली दुसऱ्या क्रमांकाची सुपरिचित स्त्री ठरवलं. पहिल्या होत्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट. या दोघींत फरक एवढाच की बेटी क्रॉकर अस्तित्वात नव्हती. मिनियापोलिसच्या एका पिठाच्या कंपनीकडे १९२१ मध्ये स्वयंपाकाच्या शंकांची पत्रं येऊन पडली. उत्तराखाली पुरुषाची सही बरी दिसेना, म्हणून एका निवृत्त संचालकाचं आडनाव आणि त्याला शोभेसं एक घरगुती नाव जोडून ही बाई तयार केली. सही कचेरीतल्या एका मुलीची. १९३६ मध्ये तिचं चित्र काढायची वेळ आली तेव्हा विभागात काम करणाऱ्या बायकांचे नाकडोळे एकत्र करून चेहरा बनवला. त्या विभागात पगारी गृहशास्त्रज्ञ बायकांचा ताफा होता आणि त्याची सूत्रं वर्षानुवर्षं मार्जोरी हस्टेड या बाईंच्या हातात होती. थोडक्यात, अमेरिकेची सर्वश्रेष्ठ गृहिणी म्हणजे नोकरी करणाऱ्या अनेक बायकांची बेरीज होती.

या न-जन्मलेल्या बाईच्या नावाने जनरल मिल्स कंपनीने १९५४ मध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या मुलींसाठी स्पर्धा सुरू केली : उद्याची अमेरिकन गृहिणी शोधण्याची. देशभरातल्या शाळांतून लाखो मुली बसायच्या. परीक्षा लेखी. म्हणजे चूल पेटवायची नाही, पीठ मळायचं नाही, बटण लावायचं नाही. पेन्सिल घ्यायची आणि संसार सोडवायचा. देशात पहिली येणाऱ्या मुलीला ५००० डॉलर. लाटणं वगैरे नव्हे, कॉलेजची शिष्यवृत्ती! उत्तम गृहिणी ठरल्याबद्दल बक्षीस काय, तर घरातून चार वर्षं सुटका.

हुशार मुलींच्या हे बरोबर लक्षात आलं. परीक्षा म्हटली की पहिलं यायचं, विषय कुठला का असेना. ओक्लाहोमा सिटीतल्या एका हायस्कुलात १९६० च्या दशकाच्या मध्याला हा बेटी क्रॉकर पुरस्कार एका वादपटू मुलीने पटकावला. नाव एलिझाबेथ हेरिंग. ती सोळाव्या वर्षी वक्तृत्वाच्या शिष्यवृत्तीवर कॉलेजात गेली, एकोणिसाव्या वर्षी कॉलेज सोडून लग्न केलं. स्पर्धेच्या संयोजकांना धन्य धन्य वाटावं अशी वाटचाल! मग तिने पुन्हा कॉलेज धरलं, पदरात मूल असताना कायदा शिकली, हार्वर्डला प्राध्यापक झाली, आणि पहिल्या नवऱ्याच्या आडनावाने, एलिझाबेथ वॉरन म्हणून, अमेरिकेच्या सिनेटवर आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत पोचली. स्वयंपाकात आपला हात कसा होता आणि घरात टोस्टर कसे पेटले, याच्या हकीकती तिने स्वतःच मोकळेपणी सांगितल्या आहेत.

तो टोस्टर वाया गेला नाही. २००७ मध्ये तिने एक लेख लिहिला. मुद्दा असा : पाचातला एक पेट घेईल असा टोस्टर अमेरिकेत विकायला बंदी आहे, पण पाचातल्या एका कुटुंबाला रस्त्यावर आणील असं गृहकर्ज मात्र खुशाल विकता येतं, हे कसं? वर्षभरात गृहकर्जांनी खरोखरच पेट घेतला, आणि २०१० च्या कायद्याने ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणाची केंद्रीय यंत्रणा उभी राहिली. परीक्षकांनी १९६० च्या दशकात उद्याची गृहिणी निवडताना चूक केली नव्हती असंच म्हणावं लागतं. त्यांची घराची व्याख्या फक्त जरा लहान होती.

घरखर्चाच्या वहीतून सरकार चालवायचा हा पहिलाच प्रकार नव्हे. अमेरिकेची दारिद्र्यरेषा ठरली तीही याच कपाटातल्या कागदावरून. कृषी खात्यातल्या गृहशास्त्रज्ञ बायकांनी काटकसरीच्या जेवणाचा एक खर्च काढून ठेवला होता. कुटुंबं उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा खाण्यावर घालवतात, तेव्हा त्या खर्चाची तिप्पट करा आणि रेषा मारा, असा हिशेब १९६० च्या दशकात मोली ओर्शान्स्की या सरकारी अर्थतज्ज्ञ बाईंनी मांडला. सगळ्या जगात अर्थतज्ज्ञ म्हणून मिरवणाऱ्या पुरुषांनी मग त्या आकड्यावर आयुष्यं काढली.

ही लाट आपल्याकडेही आली, आणि आली ती बडोद्याला. सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठात तेव्हा कुलगुरू होत्या हंसा मेहता. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल अशी शब्दयोजना होती, ती बदलून 'सर्व माणसं' करायला लावणाऱ्या त्याच या बाई. त्यांच्या विद्यापीठात गृहविज्ञानाची नवी विद्याशाखा उभी राहत होती. तिच्या घडणीला १९५० मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीवर आल्या फ्लेमी किट्रेल. नॉर्थ कॅरोलायनातल्या, काळ्या, कॉर्नेलच्या पीएच.डी. स्वतःच्या देशात दक्षिणेकडच्या कित्येक उपाहारगृहांत ज्यांना पानावर बसू दिलं नसतं, त्या बडोद्यात येऊन आहारशास्त्र कसं शिकवावं हे सांगत होत्या. विषयाचं नाव 'गृह'. आणि विषयाची बाई स्वतः सात समुद्र ओलांडून आलेली.

पुण्याला या वादाची गोडी आधीपासून होती. १८८४ मध्ये रानडे-भांडारकरांनी मुलींचं हायस्कूल काढलं, तीच हुजूरपागा. मुलींना मुलांच्या बरोबरीने इंग्रजी आणि गणित शिकवतात म्हणून 'केसरी' आणि 'मराठा'ने झोड उठवली. शाळेची वेळ कमी करा म्हणजे पोरींचं घरकाम बुडणार नाही, असाही एक आग्रह होता. पुढे अण्णासाहेब कर्व्यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची पुस्तिका पडली आणि १९१६ मध्ये त्यांनी महिलांचं विद्यापीठ काढलं ते मातृभाषेतून शिक्षण आणि गृहजीवनाला जागा ठेवून. घराच्या नावाखाली विद्यापीठ काढलं की विरोधकाची धार निम्मी होते, हे बोस्टनच्या बाईंना कळलं तसं हिंगण्याच्या अण्णांनाही कळलं असणार. अर्थात आपल्या समाजाने हा प्रश्न शेवटी आपल्याच पद्धतीने सोडवला. वधू पाहिजेच्या जाहिरातींत कित्येक वर्षं एकाच ओळीत छापून येत होतं : गृहकृत्यदक्ष, नोकरी करणारी. मधला स्वल्पविराम ज्या बाईने सांभाळला तिला कुणी शिष्यवृत्ती दिली नाही.

अमेरिकेत वादळ फुटलं ते १९६३ मध्ये. बेटी फ्रीडन यांच्या 'द फेमिनिन मिस्टिक' या पुस्तकाने सांगितलं की उपनगरातली सुखी गृहिणी मुळात सुखी नाही. मुलींना संसाराच्या बेताचं शिक्षण देणाऱ्या शिक्षकांवरही त्यात कोरडे होते. मग १९७१ मध्ये गृहशास्त्रज्ञांच्या असोसिएशनने डेन्व्हरच्या अधिवेशनाला रॉबिन मॉर्गन या जहाल स्त्रीवादी लेखिकेला वक्ता म्हणून बोलावलं. पाहुणचारात तरबेज मंडळी. काय होणार ते ठाऊक नसेल असं नाही. पाहुणीने सुरुवातीलाच जाहीर केलं की मी आज शत्रूपुढे उभी आहे, आणि स्त्रियांचं भलं करायचं असेल तर तुम्ही आपल्या नोकऱ्या सोडा. समोर बसलेल्या कोण? तर प्राध्यापक, संशोधक, कंपन्यांतल्या अधिकारी, स्वतःच्या पगारावर विमानाचं तिकीट काढून आलेल्या बायका. बायकांच्या मुक्तीसाठी बायकांनी नोकरी सोडावी, हा सल्ला त्यांना तोवर फक्त सासरे देत आले होते. वक्त्याबाईंबद्दल आणखी एक गंमत अशी की लहानपणी त्या टीव्हीवर 'मामा' नावाच्या मालिकेत एका प्रेमळ, घरेलू आईच्या धाकट्या मुलीचं काम करायच्या.

टोला मात्र बसला होता, आणि तो निव्वळ अन्यायाचा होता असं म्हणता येणार नाही. रिचर्ड्सबाईंचं रसायनशास्त्र शाळेपर्यंत पोचता पोचता बऱ्याच ठिकाणी पांढऱ्या सॉसपर्यंत आटलं होतं. मुलगी हुशार असो, तिला सुतारकाम आवडो, तिने एप्रनच शिवायचा. एप्रन शिवून झाला की तो घालून मफिन करायचे. मुलगे त्या वेळी शेजारच्या खोलीत पक्ष्यांची घरटी ठोकत असायचे.

१९७२ मध्ये 'टायटल नाइन' कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेला मुलगा-मुलगी असा भेद करता येईना. मग मुली सुतारशाळेत गेल्या आणि मुलगे स्वयंपाकघरात आले. काही शाळांनी मुलग्यांची लाज राखायला त्यांच्या तासाला 'बॅचलर लिव्हिंग' असं भारदस्त नाव दिलं होतं. तीच अंडी, तेच धिरडं, पण ते तात्पुरतं, लग्न होईपर्यंत. बेटी क्रॉकरच्या स्पर्धेचं दारही मुलग्यांना उघडलं, आणि १९७७ मध्ये ती स्पर्धाच बंद पडली. भावी गृहिणींच्या संघटनेतही मुलगे येऊ लागले. पण 'अमेरिकेची भावी गृहिणी' असं छातीवर लिहिलेलं जॅकेट घालून फुटबॉलच्या मैदानावरून जायला मुलग्याला जे धैर्य लागतं ते सरकारी अनुदानातून मिळत नाही. अखेर १९९९ मध्ये नाव बदललं : 'फॅमिली, करिअर अँड कम्युनिटी लीडर्स ऑफ अमेरिका'. कुटुंब आहे, करिअर आहे, समाज आहे. गृहिणी तेवढी गेली. अमेरिकेत १९५० मध्ये शंभरातल्या ३४ बायका नोकरी-धंद्यात होत्या. हा आकडा चढत चढत ६० च्या शिखरावर पोचला तोही नेमका १९९९ मध्ये. संघटनेने पाटी बदलली तेव्हा रहिवासी कधीच बाहेर पडले होते.

लाल जॅकेट आजही आहे. स्पर्धाही आहेत. हॉटेलातला स्वयंपाक, घराची अंतर्गत सजावट, फॅशन, बालशिक्षण. ज्या कामांना आजी 'घरातलं' म्हणायची, त्या प्रत्येकाला आता ओळखपत्र आणि दर महिन्याला पगार आहे. मुलगे उंच टोप्या घालून सॉस ढवळतात आणि त्याला कुणी बॅचलर लिव्हिंग म्हणत नाही. तिकडे भावी शेतकऱ्यांच्या संघटनेत निम्म्याच्या जवळपास मुली झाल्या आहेत.

अडचण वेगळीच निघाली. हा विषय शिकवायला शिक्षिका मिळत नाहीत. कितीतरी राज्यांनी तो टंचाईच्या विषयांच्या यादीत टाकला आहे. ज्या मुली पूर्वी डोळे मिटून गृहशास्त्राच्या बाई झाल्या असत्या, त्या आता आहारतज्ज्ञ होतात, इंजिनियर होतात, वकील होतात. विद्यापीठांनीही जुन्या विभागांच्या पाट्या उतरवून 'मानवी परिस्थितिकी' वगैरे नावं लावली आहेत. कॉर्नेलने तर डोमेकॉन बाळाला निरोप दिला त्याच वर्षी. जागा रिकाम्या राहतात, मुख्याध्यापक हवालदिल होतात, आणि काही राज्यांनी अशा टंचाईच्या विषयांसाठी निवृत्त शिक्षिकांना पेन्शन चालू ठेवून परत बोलावण्याची मुभा दिली आहे. तीस-पस्तीस वर्षं पोरींना घर कसं सांभाळावं हे शिकवता शिकवता स्वतःच्या घराकडे बघायला ज्यांना सवड झाली नाही, त्या बाई आता कुठे पडदे बदलायला घेतात तोच फोन वाजतो, आणि सोमवारपासून पहिला तास पावणेआठचा असतो.